कॉम्प्युटर सांभाळायला पगारी माणूस ठेवावा की बाहेरचं कंत्राट द्यावं? (कोकणातला छोटा धंदा)

आमराई_सडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

आमचं देवगड तालुक्यात आंबा पॅकिंग आणि प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. हंगामात पेट्या, मे सरता सरता कॅनिंगचा आंबा, मग वर्षभर पल्प, कोकम आगळ, थोडे काजूगर. कायमची माणसं बारा, हंगामात चाळीसेक होतात. कॉम्प्युटर नऊ. त्यातल्या एकाला आम्ही मानाने ‘सर्व्हर’ म्हणतो, पण तो साधा डेस्कटॉपच आहे. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याच्यावर, ऑनलाइन ऑर्डरींचे पत्तेही त्याच्यावर. शिवाय दोन लेबल प्रिंटर, आठ कॅमेरे आणि एक वेबसाइट.

अक्षय्य तृतीयेला चार दिवस असताना सकाळी पावणेनऊला सर्व्हर चालू होईना. लांब लांब बीप आणि स्क्रीन काळी. शेडमध्ये २१२ पेट्या बांधून तयार, कुरियरची गाडी अकराला येणार, आणि कुठली पेटी कुणाची हे त्या डब्यात. कोल्हापूरला आमची एएमसी (वर्षाचं देखभालीचं कंत्राट) आहे, त्यांना फोन लावला. इंजिनिअर सांगलीला गेलाय म्हणाले. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तो फोंडा घाट उतरून आला. कॅबिनेट उघडलं, रॅमची (मेमरीची) पट्टी काढली, खिशातून शाळेतल्या पोरांकडे असतं तसलं खोडरबर काढून तिचे पिवळे दात घासले, पट्टी परत बसवली. झालं चालू. सात मिनिटं. दातांवर हिरवट थर होता, तो त्याने मला बोटाला लावून दाखवला. “खारी हवा, साहेब.” मग कोकम सरबत पिऊन गेला.

मधल्या दीड दिवसात मी, बायको आणि पुतण्या मोबाइलवरचे मेसेज शोधून मार्करने हाताने पत्ते लिहीत होतो. अकरा पेट्या भलत्याच घरी गेल्या. डोंबिवलीच्या एका आजींनी दुसऱ्याची पेटी कापून खाल्ली आणि वर फोन करून गोड होता म्हणून कळवलं.

बायकोचं म्हणणं, खोडरबर फिरवायला दीड दिवस थांबायचं असेल तर आपला माणूस ठेवा. भाऊ म्हणतो, महिना १८ हजार पगाराने वर्षाचे २ लाख १६ हजार होतात, आणि एएमसी मशीनमागे अडीच हजाराने २२,५०० अधिक जीएसटी. दहापट पैसे कशाला? दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतोय. अनुभव सांगा.

सुरंगी

वाचतेय. गुहागरला आमचं सहा खोल्यांचं होमस्टे आहे. आमच्याकडे कॉम्प्युटर एकच, पण वायफाय बंद पडलं की पाहुण्यांचे चेहरे असे होतात की जेवणात मासे नाहीत असं सांगितलंय. मलाही हाच प्रश्न आहे, फक्त छोट्या मापात.

घाटमाथा_नेटवर्क

आमराई दादा, मी ह्याच धंद्यात आहे, कोल्हापुरात. तुमचा एएमसीवाला मी नाही, ते आधीच सांगून टाकतो.

आतला हिशेब सांगतो. नऊ मशीनचे २२,५०० वर्षाला मिळत असतील तर त्यात देवगडच्या चार फेऱ्यांचं पेट्रोल, पोराचा त्या दिवसाचा पगार आणि जेवण निघतं. पाचवी फेरी माझ्या खिशातून. म्हणून फोन आला की पहिला प्रयत्न असतो तो फोनवरच निभावायचा, दुसरा एनीडेस्कवरून (दुरून स्क्रीन चालवायचं सॉफ्टवेअर), आणि तिसरा त्या बाजूची अजून दोन कामं जमेपर्यंत थांबायचा. कोणी उघड बोलत नाही, पण स्वस्त एएमसी म्हणजे असंच चालतं. तुम्ही घेतलाय तो दुरुस्तीचा विमा. सांभाळायचे पैसे तुम्ही कोणाला देतच नाही आहात.

सांभाळण्याचं कंत्राट वेगळं असतं. त्यात मशीनमागे महिन्याला दर लागतो, समजा सातशे धरले तर नऊ मशीनचे वर्षाला ७५,६०० आणि वर १८ टक्के जीएसटी. त्या पैशात आम्ही रोज बॅकअप झाला की नाही बघतो, अपडेट मारतो, अँटिव्हायरस बघतो, डिस्क मरायला लागली की आधी कळवतो. पण रॅमच्या पट्टीवर गंज चढतोय हे कोल्हापुरात बसून मलाही दिसत नाही. तिथे हात लागतो.

करारात एक ओळ सगळ्यांची चुकते. ‘चार तासांत प्रतिसाद’ असं छापलेलं असतं. प्रतिसाद म्हणजे कोणीतरी तुमचा फोन उचलला. माणूस जागेवर कधी येणार आणि मशीन कधी चालू होणार ह्याचे तास वेगळे लिहून घ्या, आणि मार्च ते मेसाठी वेगळे. तुमचा हंगाम अडीच महिन्यांचा, बाकी वर्ष तुम्ही दोन दिवस थांबू शकता. मग बारा महिने एकाच दराने पैसे का भरता?

मालवणी_झील

अरे मेल्या, खोडरबरासाठी कोल्हापूर कित्याक? आमच्या बाजारात एक झील आसा, मोबाइल रिपेर करता, तो कॉम्प्युटरय बघता. फोन केलंय की अर्ध्या तासात स्कूटर घेऊन हजर. दोनशे रुपये आणि एक चाय.

पण खरा सांगूचा तर तेका टॅली-बिली काय कळणा नाय. एकदा विंडोज मारताना माझो अख्खो ‘डी’ ड्राइव्ह पुसून टाकल्यान आणि माकाच विचारता, ‘ह्येच्यात काय व्हता?’

खाडीकाठ

आमराई, आम्ही पगारी माणूस ठेवून पाहिलाय. रत्नागिरीत मासळी प्रक्रियेचं युनिट, निर्यातीची कागदपत्रं, प्रत्येक लॉटचा माग ठेवावा लागतो, म्हणून पंधराएक मशीन आहेत. पाच वर्षांत तीन मुलं झाली.

पहिला हुशार होता, दीड वर्षात गोव्याला गेला. दुसरा पुण्याला. तिसरा जहाजावर चढला, आता फोटो पाठवतो. ह्यात त्यांची चूक नाही. जिथे त्याच्याहून जास्त येणारा कोणीच नाही तिथे मुलगा नवीन काय शिकणार? दीड-दोन वर्षांनी त्याला स्वतःलाच कळतं की आपण गंजतोय.

पोरगा जातो त्याचं दुःख नाही, डोक्यातलं घेऊन जातो त्याचं आहे. दुसरा गेल्यावर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचा, म्हणजे डीव्हीआरचा, पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. शेडमधून मालाचे क्रेट गायब झाले, रेकॉर्डिंग आत आहे, पण बघता येत नाही. त्याला फोन केला तर म्हणतो, “काका, माझ्या गाडीचा नंबर आणि पुढे अॅट द रेट.” गाडी त्याने विकली होती, नंबर आठवेना. शेवटी आरटीओची जुनी पावती शोधली त्याच्या आईने.

अजून एक. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे काम जवळजवळ नसतंच. पगार चालू. मग रिकामा मुलगा दिसला की त्याला सिलिंडर आणायला पाठवा, धाकट्याचा शाळेचा प्रोजेक्ट करून घ्या, शेजाऱ्याचं आधार प्रिंट करा. सहा महिन्यांत त्याचा प्यून होतो आणि बॅकअप बघायचं राहून जातं. आणि गणपतीत पाच दिवस आणि शिमग्यात पालखी घरी येईपर्यंत तो कुठे असणार हे कोकणात वेगळं सांगायला नको. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की आमची घाई सुरू होते, तेवढ्यात गणपती येतोच.

तरीही सांगतो, तो असताना दीड दिवस कधी अडलो नाही. दहा मिनिटांची कामं दहा मिनिटांत होत होती. ह्याची किंमत बिलात दिसत नाही.

पुणेरी_क्लाउड

एवढी चर्चा कशाला? सगळं क्लाउडवर टाका. ऑफिसात सर्व्हर ठेवणं हेच मुळात जुनाट आहे. मशीन मेलं तर दुसरं उघडायचं आणि लॉगिन करायचं. ना कोल्हापूर, ना पगारी मुलगा.

आमराई_सडा

पुणेरी, कल्पना बरी आहे. पण आमच्या सड्यावर केबल तुटली की तीन-तीन दिवस जोडायला कोणी येत नाही, आणि मोबाइलची रेंज शेडच्या मागे फणसाखाली येते. फणसाखाली लेबल प्रिंटर मांडू का?

पुणेरी_क्लाउड

हा हा. बरं, फणस मान्य. पण एक गोष्ट धरून ठेवतो. परवा ऑर्डरींचे पत्ते ऑनलाइन शीटवर असते तर त्याच फणसाखालून मोबाइलवर उघडून तुम्ही २१२ पत्ते वाचले असते. मार्कर लागला असता, पण अकरा पेट्या चुकल्या नसत्या. टॅली घरात ठेवा, ऑर्डरी बाहेर ठेवा. सगळं एकाच डब्यात का?

आमराई_सडा

हे मात्र लागलं. बरोबर आहे.

हर्णैकर

‘बाहेरचा की आपला’ ह्याचा निकाल आमच्याकडे ३ जून २०२० ला लागला होता. निसर्ग वादळ. दापोली-मंडणगडकडे वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती, मोबाइल टॉवर आडवे. आमचा आयटीवाला पुण्याचा, दुरून सगळं बघणारा. दुरून बघायला नेट लागतं, नेटला वीज लागते. त्याचा करार अगदी चोख होता, कपाटात होता, कपाटावरची कौलं नव्हती.

तेव्हा मनात आलं की गावातला मुलगा ठेवला असता तर. पण गावातलाच एक मुलगा शेजारच्या हॉटेलात होता, तोही बारा दिवस आला नाही. त्याच्या घराचंही छप्पर उडालं होतं, तो काय कॉम्प्युटर बघणार? ज्या संकटात आपण असतो त्याच संकटात आपला माणूसही असतो, हे मी तरी तोपर्यंत लक्षात घेतलं नव्हतं.

वाशिष्ठी_काठ

चिपळूण. २२ जुलै २०२१. जास्त लिहीत नाही, लिहिलं की त्रास होतो.

दुकान बाजारपेठेत, तळमजल्यावर. कॉम्प्युटर टेबलावर, बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. रोज संध्याकाळी बॅकअप घ्यायचो, एक दिवस चुकला नाही. पाणी दोघांवरून एकदमच गेलं. गाळातून डिस्क काढली तेव्हा ड्रॉवर उघडेना, लाकूड फुगलेलं, कोयत्याने फोडला.

हिशेब परत मिळाले ते सीएंकडून. जून अखेरचा डेटा त्यांनी पेन ड्राइव्हवर नेला होता आणि त्यांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. वाचलो ते योगायोगाने. माणूस पगारी ठेवा नाहीतर कंत्राटी, एक प्रत गावाबाहेर पाहिजे. आता माझी बहिणीकडे कराडला असते आणि एक ऑनलाइन.

सुरंगी

वाशिष्ठी दादा, वाचून काटा आला. आमचीही बॅकअप डिस्क कॉम्प्युटरच्या शेजारीच असते. आता उठून वर माळ्यावर ठेवून आले. उद्या तिथूनही हलवते.

हिशेबनीस

सीए आहे, कुडाळात. वर ज्या सीएंचं कौतुक झालं तो मी नव्हे.

कोणाला ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण जबाबदारी कोणाची ह्याबद्दल घोटाळा नको. जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. नोटीस आली आणि तुम्ही ‘आमच्या आयटीवाल्याने फॉरमॅट मारला’ म्हणालात तर अधिकारी सहानुभूतीने मान हलवेल, पण उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

दुसरं, ओटीपी. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच पासवर्डच्या जोडीला ओटीपी लागतो. तो कोणाच्या मोबाइलवर जातो ते आजच तपासा. माझ्या एका अशिलाचा ओटीपी नोकरी सोडून गेलेल्या क्लार्कच्या फोनवर जात होता. गाडी माल भरून उभी आणि हे त्याला विनवतायत, बाळा, फोन उचल.

तिसरं, सुरंगी ताईंसाठी मुद्दाम. तुम्ही पाहुण्यांच्या आधारचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवता ना? ते फोनमध्ये, कॉम्प्युटरवर, मॅनेजरच्या फोनमध्ये, तीन ठिकाणी साठतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात काम बाहेरच्या संस्थेला दिलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत. दंडाचे आकडे बघून घाबरू नका, पण जुने फोटो पुसायची सवय आत्ताच लावा. परदेशी पाहुण्यांच्या माहितीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) चोवीस तासांत भरता ना?

सुरंगी

भरतो हो, तो भरतो! आधारचं मात्र खरंय. गॅलरीत पाहुण्यांची आधार कार्डं आणि उकडीचे मोदक एकत्र नांदतायत.

आमराई_सडा

तुमचं सगळं वाचून काल रात्री कागद-पेन घेऊन बसलो आणि एकच प्रश्न लिहिला: कुठल्या कुलपाची चावी कोणाकडे? जे निघालं ते लाज वाटेल असं आहे, तरी सांगतो.

वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, आठ वर्षांपूर्वी ज्या मुलाने साइट बनवली त्याच्या स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेलं आहे. नूतनीकरणाचे पैसे मी दरवर्षी त्याला देतो, म्हणजे ज्या नावावर माझा धंदा चालतो ते कागदोपत्री त्याचं. गुगल मॅपवरचं आमचं पान पुतण्याच्या कॉलेजच्या मित्राने उघडलेलं. राऊटरचा पासवर्ड एएमसीवाल्याकडे. टॅलीचा अॅडमिन अकाउंटंट बाई. डीव्हीआरचा कोणालाच माहीत नाही (खाडीकाठ, तुमच्या पंगतीत बसतो).

माझ्याकडे काय? शेडच्या टाळ्याची किल्ली. तीही कधी कधी गड्याकडे.

तीन वर्षं मी समजत होतो की माझा आयटी बाहेरच्याकडे आहे. खरं तर तो वाटेत सांडलेला आहे, जो तो आपापला तुकडा उचलून गेलाय.

घाटमाथा_नेटवर्क

दादा, हा कागद महत्त्वाचा, बाकी सगळं त्याच्यानंतर. डोमेन आधी आपल्या नावावर घ्या, आणि भांडण व्हायच्या आधी घ्या. गोड बोलून आठवड्यात होतं, वाद झाल्यावर वर्ष जातं.

आणि एक विचारतो. तुम्ही घरून टॅली बघता का? बघत असाल तर कसं?

आमराई_सडा

हो, घरून बघतो. सर्व्हरचा स्क्रीनच लॅपटॉपवर येतो. एएमसीवाल्यांनी राऊटरमध्ये काहीतरी उघडून दिलंय.

घाटमाथा_नेटवर्क

तेच वाटलं. रिमोट डेस्कटॉपचं दार थेट इंटरनेटवर उघडं आहे. आज, आत्ता बंद करून घ्या. जगभर यंत्रं रात्रंदिवस अशी दारं ठोकत फिरत असतात, पासवर्ड लागला की आत येऊन सगळ्या फायलींना कुलूप लावतात आणि खंडणी मागतात. आणि बॅकअपची डिस्क कायम जोडलेली असेल तर तिलाही तेच कुलूप लागतं. घरून बघायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बंद वाटेने, बघा. बॅकअपच्या दोन डिस्क घ्या, आलटून पालटून लावा, एक नेहमी काढलेली असू दे.

दुसरं, शेड आणि ऑफिस वेगवेगळ्या इमारती आहेत ना? मधून लॅनची तांब्याची केबल गेली असेल तर परतीच्या पावसात वीज कडाडली की एक दिवस दोन्हीकडचे नेटवर्कचे स्विच (केबली जोडायचे डबे) जातील. मध्ये फायबर टाका, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारे डबे). काचेतून करंट जात नाही. राऊटर आणि फायबरच्या डब्याला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावा, लाइट गेली तरी नेट चालू राहतं.

आमराई_सडा

मागच्या ऑक्टोबरात दोन स्विच आणि एक मदरबोर्ड गेलाच होता. आम्ही यूपीएसला शिव्या घातल्या.

आयटीआय_मास्तर

मी आयटीआयमध्ये शिकवतो. सगळे ‘इंजिनिअर ठेवायचा का’ म्हणतायत, पण नऊ मशीनला इंजिनिअर लागतच नाही. आमच्याकडे कोपा नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीनंतर. मुलं-मुली कॉम्प्युटर उघडून जोडतात, ऑफिसची कामं येतात, नेटवर्किंगची तोंडओळख असते. मोठा सर्व्हर येत नाही, पण रॅमची पट्टी नक्की काढता येते.

अॅप्रेंटिस म्हणून घ्या. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, आणि राष्ट्रीय योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. त्यातही गावातल्या मुली बघा. मुलगे गोव्याला पळतात हे खाडीकाठ सांगतायत ते खरं आहे. पण घरापासून चार किलोमीटरवर बसून करायचं काम मिळत नाही म्हणून घरी बसलेल्या चांगल्या मुली मला दर वर्गात चार-पाच ठाऊक असतात.

खाडीकाठ

मास्तर, पळतात म्हणू नका, पगार देतो तिकडे जातात. मुलींनाही द्या, मग बघा त्याही जातात की नाही. बाकी सूचना आवडली. पण तिला फक्त कॉम्प्युटर देऊ नका. डिस्पॅच किंवा स्टोअरचं काम द्या आणि त्यातले दोन तास ठरवून कॉम्प्युटरचे. आमची चूक तिथेच झाली.

मालवणी_झील

आणि तिका सिलिंडर आणूक धाडू नका रे!

पुणेरी_क्लाउड

एक राहिलं. नऊपैकी किती मशीन विंडोज १० वर आहेत? त्याचा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एएमसीवाला नऊच्या नऊ नवीन घ्या म्हणेल. प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा असेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ तसंच चढतं. आधी यादी करा, मग पाकीट उघडा.

आमराई_सडा

(दोन महिन्यांनी)

मंडळी, धागा वर काढतोय. विचारून गायब झालो असं व्हायला नको.

कोल्हापूरच्या जुन्या एएमसीवाल्यांशीच बोललो. सोडलं नाही. करार बदलला: बॅकअप आणि अपडेट ते दुरून रोज बघणार, महिन्याला पैसे, मार्च ते मे माणूस दुसऱ्या दिवशी दहाच्या आत जागेवर, नाहीतर त्या महिन्याचं बिल अर्धं. बाकी वर्ष तीन दिवस. त्यांनी थोडी कुरकुर केली, मग म्हणाले, असं कोणी मागितलंच नव्हतं. घरून बघायचं दार बंद केलं. पहिले चार दिवस चुकल्यासारखं झालं, आता व्हीपीएनची सवय झाली.

जागेवर मास्तरांच्या सल्ल्याने कोपा झालेली एक मुलगी घेतली, गावातलीच. डिस्पॅच बघते, सकाळचे दोन तास कॉम्प्युटर. पहिल्या आठवड्यात तिने नऊही कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला. गोदामातल्या मशीनमध्ये पालीची अंडी निघाली आणि शेडमधल्या स्विचमध्ये मुंग्यांचं वारूळ म्हणावं इतकं काही. फोटो काढून तिने ग्रुपवर टाकला, तेव्हापासून भाऊ दहापटीचा हिशेब काढत नाही. विंडोज १० ची मशीन पाच निघाली, त्यातल्या तीनवर ११ चढलं, दोनच नवीन घ्यावी लागली. फायबर पाऊस सुरू व्हायच्या आदल्या रविवारी टाकली.

डोमेन नावावर झालं. मुलगा भला निघाला, उलट म्हणाला, दरवर्षी आठवण करायचा कंटाळा आला होता. सगळे पासवर्ड एका वहीत लिहून पाकीट बंद करून एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक बायकोकडे. कुठे ठेवलीय ते तिने मला सांगितलेलं नाही, आणि त्यातच शहाणपण आहे म्हणते.

वाशिष्ठी, तुमच्यामुळे एक गोष्ट केली. मागच्या शनिवारी दुपारी त्या मुलीला सांगितलं, समज सर्व्हर खाडीत गेला, आता उभं करून दाखव. कोल्हापूरवाले फोनवर, ती जुन्या लॅपटॉपवर. पहिला बॅकअप उघडलाच नाही. सहा आठवडे ‘यशस्वी’ असा हिरवा संदेश येत होता आणि आत फोल्डर भलताच जात होता, टॅलीचा नव्हे, अकाउंटंट बाईंच्या नातवाच्या फोटोंचा. फोनवर पलीकडे बराच वेळ शांतता. दुसऱ्या डिस्कवरचा उघडला. साडेचार तास लागले. ताळेबंद मूळ मशीनशी ताडून पाहिला, ४० पैशांचा फरक आला. बाई म्हणाल्या, तो २०१९ पासून आहे.

आता गणपतीत ती पाच दिवस नाही, कोल्हापूरवाल्यांचाही तो सुट्टीचाच काळ. खाडीकाठ, तेव्हा तुम्ही काय करता? आणि कोणाला माहीत असेल तर सांगा, लेबल प्रिंटरचं हेड खाऱ्या हवेत वर्षात जातंय. प्लॅस्टिकचं कव्हर घातलं तर आत दमट होतं, न घातलं तर बाहेर.

खाडीकाठ

गणपतीत मीही घरीच असतो हो. प्रिंटरसाठी जुन्या लाकडी पेटीत चाळीस वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून ठेवा रात्री. आमचं हेड तीन वर्षं टिकलं.